लाल दिव्याची उलटतपासणी

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑईलचा जो लाल दिवा असतो, त्याच्यावर लोकांचा नको तितका भरवसा असतो. दिवा विझलेला म्हणजे इंजिनात सगळं आलबेल आणि दिवा पेटला म्हणजे इंजिन गेलं, अशी सरळ वाटणी करून माणसं मोकळी होतात. दोन्ही समज चुकीचे. दिवा लावणारा स्विच इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला असतो आणि तेलाचा दाब साधारण पाच-सात पौंडांच्या खाली उतरेपर्यंत तो काही बोलत नाही. (मेकॅनिक मंडळी दाब ‘पौंडा’त मोजतात, म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड.) जुन्या पेट्रोल इंजिनांचा एक ढोबळ हिशेब गॅरेजांमधून चालत आलाय: इंजिन तापलेलं असताना मिनिटाला होणाऱ्या दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड. तीन हजार फेऱ्यांवर तीसेक पौंड हवेत. तिथे पंधराच मिळत असतील तर बेअरिंगं झिजत राहतात आणि दिवा मात्र शांत. आणि ज्या दिवशी तो लागतो, त्या दिवशी दोष बेअरिंगांत असेल, पंपात असेल, किंवा दोन रुपयांच्या वायरीत.

चालत्या गाडीत दिवा लागला तर काय करायचं, याबद्दल मात्र दुमत नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ म्हणून पुढे रेटलेल्या गाड्यांवर कित्येक गॅरेजांचा संसार चाललाय. कारण शोधायचं ते इंजिन थंड झाल्यावर.

हे शोधणं कसं चालतं ते बघायला मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन बसलो. हा भाग मुद्दाम निवडला. फाउंड्री, लेथ, क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, शेतीची ऑईल इंजिनं, हे सगळं इथे हाकेच्या अंतरावर. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला होता. विकत मिळत नाही ती वस्तू स्वतः करून बघायची, ही इथली जुनी खोड. ज्यांच्याकडे बसलो ते मेस्त्री साठीच्या पुढचे. बोलणं कमी, प्रश्न जास्त. नाव छापू नका म्हणाले, ‘उगं गर्दी हुईल.’

त्या दिवसांत त्यांच्याकडे एक प्रीमियर पद्मिनी आली होती, १९८६ची, फिकट निळी. पद्मिनीचं मूळ इटलीतल्या १९५३च्या फियाट अकराशेत. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. १९७४पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख म्हणजे हीच गाडी. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये तो अध्याय मिटला. घरगुती पद्मिनी मात्र गावोगावी अजून टिकून आहेत. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरांचं, क्रँकला तीनच मेन बेअरिंगं. आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनांना सर्रास पाच असतात. तीन बेअरिंगांवर पेलणाऱ्या क्रँकला तेलाची हेळसांड फारशी सोसत नाही.

गाडीचे मालक निवृत्त मुख्याध्यापक. गगनबावड्याहून परतताना रंकाळ्याजवळच्या सिग्नलला दिवा लुकलुकला. रेस दिली की विझायचा, स्लोला सोडली की पुन्हा लागायचा. घराजवळच्या गॅरेजने ‘फुल इंजिन’ सांगितलं: बोअरिंग, रिंग-पिस्टन, क्रँक, सगळं. आकडा ऐकून सर इकडे आले.

मेस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी चावी फिरवायला सांगितली. इंजिन चालू न करता. दिवा लागला. ‘बल्ब तरी हाय म्हणायचा,’ ते म्हणाले. हा विनोद नव्हता. जुन्या गाड्यांच्या बाजारात ऑईलच्या दिव्याचा बल्ब काढून टाकणं, किंवा त्याची वायर चार्जिंगच्या दिव्याला जोडून देणं, म्हणजे इंजिन चालू झालं की दोन्ही एकदमच विझतात, ही मुरलेली युक्ती आहे. चावी फिरवल्यावर जो दिवा लागत नाही, त्याच्या विझलेलं असण्याला काही अर्थ नाही.

मग स्विचवरची वायर काढली. दिवा विझला. वायर काढूनही दिवा लागूनच राहिला असता, तर ती वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे आणि इंजिनाचा काही गुन्हा नाही, हे तिथेच ठरलं असतं. त्याच दुपारी आलेल्या एका जीपचं नेमकं तसंच निघालं. एक्झॉस्टला चिकटून वायर वितळली होती. नवीन वायर, टेप, आणि जीपवाला चहा पिऊन गेला. सरांचं नशीब तेवढं सोपं नव्हतं.

पुढची पायरी ऑईल पट्टीची. पट्टी पुसून पुन्हा बुडवली, काढली, उजेडात धरली. तेल वरच्या खुणेच्याही वर होतं.

‘सर, मधी कवा ऑईल घातलंयसा?’

‘छे! गाडी ऑईल खातच नाही हो. वर्षभरात थेंब घालावा लागला नाही,’ सर जरा अभिमानानेच म्हणाले.

मेस्त्रींनी पट्टी त्यांच्या नाकापाशी नेली. पेट्रोलचा भपका. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकला; मधला काळा ठिपका तसाच राहिला आणि त्याभोवती पातळ, फिकट वर्तुळ पसरत गेलं. तेल खरं तर कमी होत होतं, जसं प्रत्येक जुन्या इंजिनात होतं; पण त्याची जागा पेट्रोल भरून काढत होतं. वर्षभर ज्या गोष्टीचं कौतुक चाललं होतं, तोच रोग होता.

हे पेट्रोल आलं कुठून, तर एसी पंपातून. गॅरेजच्या भाषेत एसी पंप म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा पेट्रोल पंप. त्याचा थंडगार हवेशी काही संबंध नाही. त्यात कापड-रबराचा डायफ्रॅम असतो. तो फाटला की पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाण्याऐवजी थोडं थोडं खाली इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. अशा अनेक पंपांना गळती बाहेर दिसावी म्हणून बारीक भोक ठेवलेलं असतं. सरांच्या पंपाचं भोक चिखल आणि ग्रीसने बुजलं होतं. डायफ्रॅम बाहेर काढून मेस्त्रींनी बोटांवर ताणला तेव्हा मधल्या चकतीच्या कडेला नखाएवढी चीर उघडली. चोक अर्धवट ओढलेला राहणं, रोज दोन-दोन किलोमीटरच्याच खेपा मारणं, यानेही तेलात पेट्रोल उतरतं, पण इतकं नाही. आणि असं तेल नुसतं पातळ नसतं, पेट घेणारंही असतं. ते ओतून टाकताना मेस्त्रींनी शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हात दाखवून थांबवलं.

ओतण्याआधी एक काम मात्र केलं होतं. ब्लॉकवरचा स्विच काढून त्या आट्यांत आपलं ऑईल गेज बसवलं आणि इंजिन थोडा वेळ चालवून तापवलं. स्लोला चार पौंड. म्हणजे दिवा खरं बोलत होता. एक साधं गेज आणि आट्या जुळवणारं अडॉप्टर, एवढ्या सामानावर अर्धं निदान होतं; तरीही गेज न लावता इंजिन खोलायला सांगणारी गॅरेजं पुष्कळ आहेत. याला माझ्या मते आळसापेक्षा वाईट शब्द हवा.

नवा डायफ्रॅम, ताजं २०डब्ल्यू-५० तेल, नवा फिल्टर. पुन्हा गेज. थंड इंजिनावर पंचेचाळीस. सरांचा चेहरा खुलला. मेस्त्री काही बोलले नाहीत, गाडी घेऊन शिये फाट्यापर्यंत जाऊन आले आणि मग काटा दाखवला: स्लोला नऊ, रेस देऊन अडीच हजाराच्या आसपास सोळा. दिवा आता लागत नव्हता. पुष्कळ गॅरेजांनी इथेच पैसे घेऊन गाडी दिली असती आणि मालकानेही दुवाच दिला असता.

थंडपणी भरपूर आणि तापल्यावर कमी, या फरकातच उत्तर दडलेलं असतं. २०डब्ल्यू-५० तेल चाळीस अंशांवर जितकं दाट असतं, त्याच्या साधारण नवव्या हिश्शाएवढंच ते शंभर अंशांवर उरतं. पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे, म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांच्यातल्या अरुंद फटींमुळे. उसाच्या पाईपलाईनला मध्येच जोड निसटले की मोटार तीच, विहीर तीच, पण शेवटच्या सरीला धार पोचत नाही, तसंच. फट रुंदावली की तेल तिथूनच चेंबरमध्ये निसटतं, आणि तेल पातळ असेल तर अधिकच. यात गणिताची एक क्रूर बाजू आहे. गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. नव्या इंजिनात ही फट एक ते अडीच थाऊची, म्हणजे हजारांश इंचाची, मिलिमीटरमध्ये ०.०२५ ते ०.०६५. माणसाच्या केसापेक्षा बारीक. इंजिन लाखभर किलोमीटर मस्त चालतं आणि मग एकाएकी ‘दाब गेला’ असं वाटतं, ते या घनामुळे.

मग पंपाच्या या पंचवीस-तीस पौंडांवर क्रँकचा एवढा भार पेलतो कसा? खरं तर त्यांच्यावर पेलतच नाही. बोशाँप टॉवर नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८८३च्या सुमारास रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग केले. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरायला लागल्यावर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी मारली, तिचीही तीच गत. शेवटी तिथे गेज जोडलं तेव्हा बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुप्पटीहून जास्त दाब दिसला, दोनशे पौंडांच्या पलीकडे. कुठल्याही पंपाशिवाय. फिरणारी आस तेलाला स्वतःच निमुळत्या फटीत ओढून घेते आणि त्या पाचरीवर तरंगते. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६मध्ये त्याचं गणित मांडलं आणि ते आजही वापरात आहे. आपल्या गाडीतल्या पंपाचं काम एवढंच की या पाचरीला तेल कमी पडू द्यायचं नाही. पण पाचर बनायला वेग लागतो. म्हणूनच टॉप गिअरमध्ये, कमी वेगात, गाडी थरथरत असताना घाट ओढणं हे बेअरिंगांसाठी सगळ्यात वाईट: भार पुरा, वेग कमी, आणि पंपही मंद. गिअर उतरवून इंजिन मोकळं फिरवणारा चालक इंजिनाचा छळ करतो असं शेजारी बसलेल्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो बेअरिंगं वाचवत असतो.

नऊ पौंडांवर आलेल्या गाडीला ‘बरं’ करायचे सोपे मार्ग बाजारात तयार असतात. आणखी दाट तेल घाला. बाटलीतलं, मधासारखं घट्ट औषध ओता. रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगखाली वॉशर सरकवा. पहिल्या दोन्हींनी काटा खरंच वर येतो, पण सकाळी थंड इंजिनात तेच घट्ट तेल उशिरा पोचतं आणि झीज तर थंड इंजिनातच जास्त. तिसऱ्या युक्तीबद्दल मेस्त्रींनी जे सांगितलं ते कुठल्याही मालकाने लक्षात ठेवावं. रिलीफ व्हॉल्व दाब फार वाढला तर जादाचं तेल परत चेंबरमध्ये सोडतो. तो कमाल मर्यादा ठरवतो, किमान नाही. नऊ पौंडांवर तो घट्ट मिटलेलाच असतो. त्याच्यामागे कितीही तगडी स्प्रिंग लावा, मिटलेलं दार जास्त मिटत नाही. अपवाद एकच: कचऱ्याचा कण अडकून व्हॉल्व अर्धवट उघडा राहिला असेल तर. म्हणून तो काढून, धुऊन, त्याचा प्लंजर बोटाने सरकवून पाहायचा. सरांच्या गाडीत तो स्वच्छ होता.

आता कान लावायची वेळ होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला. टॅपेटची टकटक वरून येते, हलकी, पत्र्यासारखी. बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगची, ठोकर त्याहून खालची, रेस सोडताना उमटणारी. त्या सिलिंडरची प्लगची वायर काढली की ती दबते. मेन बेअरिंगचा आवाज सगळ्यात खोल, पोटातून येणारा, भार पडला की वाढणारा. मेस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरची वायर काढली, ऐकलं, लावली, पुन्हा ऐकलं. ‘तिसरी बोलाय लागलीया,’ म्हणाले.

चेंबर उतरवलं तेव्हा तळाशी काळा चिकट गाळ होता आणि पंपाच्या तोंडच्या जाळीवर निळसर धाग्यांचा गुंता. सिलिकॉन. मागे कोणीतरी चेंबरचं पॅकिंग बसवताना सढळ हाताने सिलिकॉन माखलं होतं. बाहेर ओघळलेलं दिसतं आणि पुसलं जातं. तेवढंच आतही ओघळतं, सुटतं आणि तेलाबरोबर जाळीवर जाऊन बसतं. काही ठिकाणी याच्या एका तुकड्याने इंजिनं बसली आहेत. पॅकिंग नीट असेल आणि कडा सपाट असतील तर त्या माखण्याची गरजच नसते, पण ट्यूब हाताशी असली की हात आवरत नाही.

पंप खोलला. दोन दात्यांची चाकं एकमेकांत फिरतात, एवढंच त्याचं यंत्र. चाकांच्या माथ्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून खाली फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवला. फट थोडी जास्त भरली. झाकणाच्या आतल्या बाजूला चाकांनी दोन चंद्रकोरी कोरल्या होत्या, नखाला लागणाऱ्या. नवीन पंप मिळेल का, असं सरांनी विचारलं. मिळाला असता, पण डब्यावर नाव एक आणि आत माल भलताच, असा अनुभव असल्याने मेस्त्रींनी जुनाच दुरुस्त करायचं ठरवलं. जाड काचेच्या तुकड्यावर व्हॉल्व घासायची पेस्ट पसरून त्यांच्या पोराने ते झाकण आठ आकड्यात घासायला घेतलं. काच का, तर गॅरेजमध्ये तिच्याइतकी सपाट वस्तू दुसरी नसते. चंद्रकोरी हळूहळू फिकटल्या, मग एका बाजूची गेली, मग दुसरी. पृष्ठभाग एकसारखा राखाडी झाल्यावर पोराने झाकण पेट्रोलने धुऊन बोट फिरवलं आणि बापाकडे न बघताच पुढे केलं.

शेवटी बेअरिंगं. तिसऱ्या बिग एंडची टोपी सुटली, तिचा शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पट्टी, तळहातावर आला. वरचा मऊ, राखाडी थर अर्ध्या भागात नाहीसा झालेला आणि खालून तांबं उघडं पडलेलं. मऊ थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कचऱ्याचा कण त्यात रुतून बसावा आणि क्रँकला ओरखडा येऊ नये म्हणून. ओतून काढलेल्या तेलात चमचम होती. मेस्त्रींनी लोहचुंबक फिरवला, त्याला काही चिकटलं नाही. चमक बेअरिंगच्या धातूची होती, पोलादाची नव्हे. ही बातमी त्यातल्या त्यात बरी.

नुसते नवे शेल बसवून भागेल का? याचं उत्तर डोळ्यांनी देता येत नाही. इंजिन उतरवून क्रँक बाहेर काढला आणि मायक्रोमीटर लावला. प्रत्येक पिन दोन दिशांनी आणि दोन्ही कडांना मोजायची: गोल राहिली आहे की लांबट झाली आहे, एकसारखी आहे की निमुळती. तिसरी पिन दोन थाऊंनी लांबट. अशा पिनवर नवा शेल म्हणजे महिन्याभराची मलमपट्टी. क्रँक दोन गल्ल्या पलीकडे ग्राइंडिंगला गेला, ‘दहा’ला. दहा म्हणजे दहा थाऊ, पाव मिलिमीटर, पिनांवरून कमी करायचे आणि तितकेच जाड शेल घालायचे. पुढे वीस, तीस असे टप्पे असतात. क्रँकचं आयुष्य या टप्प्यांत मोजलं जातं आणि सरांच्या क्रँकवर याआधी एकही खर्च झाला नव्हता.

ग्राइंडिंगवाल्याला मेस्त्रींनी एकच गोष्ट बजावली: कोपऱ्यातली गोलाई ठेवायची. पिन जिथे बाजूच्या भिंतीला मिळते तिथला बारीक वळसा घाईत सरळ कापला गेला, तर क्रँक पुढे कधीतरी नेमका तिथेच मोडतो. आणि परत आल्यावर तेलाच्या वाटा तारेने, मग पेट्रोलने, मग हवेने साफ. घासलेल्या धातूची पूड आत राहिली तर नवे शेल पहिल्याच दिवशी जातात. अशी ‘नवं इंजिन आठवड्यात बसलं’ची प्रकरणं बहुधा याच वाटांमधली असतात.

राहिला प्रश्न बोअरिंग आणि रिंग-पिस्टनचा, ज्याचा आकडा ऐकून सर पळाले होते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर गाडी धूर ओकते, तेल जाळते, दम सोडते. पण पंपाने ढकललेलं तेल रिंगांवरून परत येत नाही. ऑईल प्रेशर तिथे हरवतच नाही. इंजिन उतरवण्याआधी मेस्त्रींनी कॉम्प्रेशन मोजलं होतं, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास. बोअरच्या वरच्या कडेला नखाला लागावी अशी पायरीही पडली नव्हती. सिलिंडरांना हात लावायचं कारण नव्हतं. ‘फुल इंजिन’ हा शब्दच मुळी निदान टाळायची सोय आहे: सगळंच बदललं की कुठे बिघडलं होतं हे सांगावं लागत नाही. एक जागा मात्र मेस्त्रींनी आवर्जून तपासली, कॅमशाफ्टचे बुश. तेल तिथेही तेवढंच निसटतं, पण तिकडे सहसा कोणी बघत नाही. क्रँक नवा होतो, दाब तरी येत नाही आणि मग सगळे पंपाला शिव्या देतात. इथे बुश ठीक होते.

टोप्या आपापल्या नंबरावर, बोल्ट टॉर्क रेंचने, पंपात बसवतानाच तेल भरलेलं. कोरडा पंप तेल उचलायला वेळ लावतो आणि तेवढ्यात नवी बेअरिंगं कोरडी फिरतात. म्हणून चारही प्लग काढून, इंजिन पेटू न देता, स्टार्टरवर फिरवलं. काटा हलला, पाच, दहा, वीस. मग प्लग लावले.

तापल्यावर स्लोला एकवीस. अडीच हजारावर अडतीस.

सरांना डॅशबोर्ड मूळचा हवा होता, त्यामुळे गेज लावायला ते राजी नव्हते. तडजोड झाली: ब्लॉकवर टी बसवून स्विच आणि गेज दोन्ही, गेज चोकच्या मुठीशेजारी, खाली, वाकल्याशिवाय न दिसणारं. पहिलं तेल पाचशे किलोमीटरला बदलायचं, पट्टीचा वास दर रविवारी घ्यायचा आणि तेल वाढलेलं दिसलं तर खुश व्हायचं नाही, अशा सूचना मिळाल्या. सरांनी बिल दोनदा वाचलं, ग्राइंडिंगच्या रकमेवर थोडी घासाघीस केली आणि जुने शेल कागदात गुंडाळून मागून घेतले. पहिल्या गॅरेजवाल्याला दाखवायचे होते.